परकी बैठक

लोकांच्या घरात चोरांच्या भीतीने कुलूप असतं. आमच्या घरात कुलपं एवढी होती, की चोर आलाच असता तर त्याला न्यायला दुसरं काही सापडलं नसतं. भिंतीवर कुलपं, कपाटात कुलपं, पलंगाखालच्या खोक्यांत कुलपं. गोदामांची, जहाजावरच्या पेट्यांची, बँकेच्या तळघराची. एक तर इतकं जड, की ते टांगलं तेव्हा खिळा गिलाव्यासकट खाली आला. त्या दिवशी झाडू मारता मारता मी विचारलं, "अहो, आपल्याकडे कोंडून ठेवण्यासारखं आहे तरी काय?" हे वाकलेला खिळा सरळ करत बसले. उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

कुलपं आमच्या ह्यांची. बाहेर ह्यांना सगळे सेक्रेटरी म्हणतात, कारण कुलूपवाल्यांच्या मंडळाचे ते सेक्रेटरी. मीही रागावले की सेक्रेटरीच म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा. मंडळ केवढं, तर आमच्या बैठकीच्या खोलीत मावेल एवढं. एक दातांचे डॉक्टर, त्यांच्या बोटांना डोळे आहेत असं बाकीचे म्हणतात. कोपऱ्यावरचे शिंपी. लिफ्ट दुरुस्त करणारा एक, तो खुर्चीवर घटकाभर स्वस्थ बसत नाही म्हणून त्याचं नाव स्प्रिंग. आणि जेलर. ते खरोखरचेच जेलर, आता निवृत्त. आयुष्यभर कुलपं लावून पोट भरलं आणि म्हातारपणी हौस म्हणून उघडत बसतात.

महिन्यातून एकदा ही मंडळी आमच्याकडे जमतात. मधल्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं आणि ज्याने त्याने आपलं नवं कुलूप त्यावर ठेवायचं. नियम एकच, तोही ह्यांनीच केलेला. कुलपाशेजारी किल्ली असेल तर ते नुसतं बघायचं. किल्ली नसेल तर कुलूप सगळ्यांचं. ज्याला जमेल त्याने उघडावं, विचारायची गरज नाही. "किल्ली नसलेलं कुलूप म्हणजे आमंत्रण," हे नव्या माणसाला आमचे हे अशा थाटात सांगत, की जणू देशाचा कायदाच ह्यांनी लिहिलाय.

आणि वर्षातून एकदा परकी बैठक. त्या दिवशी कुलूप आणायला बंदी. कुलपांशी काडीचा संबंध नाही असं, जुनं, विचित्र, का जपलं ते सांगता येणार नाही असं काहीतरी आणायचं आणि त्याबद्दल बोलायचं. एका वर्षी डॉक्टरांनी काचेच्या डोळ्यांची पेटी आणली. मखमलीच्या खाचांत डोळे बसवलेले, निळे, घारे, तपकिरी, सगळे आमच्याकडे बघताहेत. दातवाल्याने डोळे आणलेले पाहून स्प्रिंग म्हणाला, "डॉक्टर, उपटताना जरा जास्तच खोल गेलात का?" हसून हसून शिंप्यांना ठसका लागला. त्याच बैठकीत जेलरनी पावाचे मोहरे काढले. कैद्यांनी वाट्याला आलेल्या पावातला पाव वाचवून, थुंकीने मळून, बुद्धिबळाचा अख्खा डाव घडवला होता. काळ्या बाजूत चुलीची काजळी मळलेली. जेलर म्हणाले, "ह्यातला राजा ज्याने केला, त्याला फाशीआधी हा डाव खेळायला मिळाला नाही." सगळ्यांचा चहा निवून गेला.

मला ती बैठक आवडायची. कुलपं असली की ही माणसं एकमेकांवर कुरघोडी करत बसतात, पोरांसारखी. दुसरं काही आणलं की खरं बोलतात. फक्त आमचे हे बोलत नसत. ह्यांनी कधी बसची घंटा आणली, कधी मोडका तापमापक. त्यावर दोन गमतीच्या गोष्टी रचून सांगायच्या आणि बसायचं. मी दारात उभी राहून ऐकायची आणि मनात म्हणायची, किती खोटं बोलाल सेक्रेटरी.

आम्हाला मुलगी होती. नाव दुसरं, पण सदानकदा गुणगुणायची म्हणून भुंगी. जेवताना गुणगुणायची, झोपेतही गुणगुणायची. शाळेत जायला लागली आणि त्याच हिवाळ्यात तापाने गेली. मंडळातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. ह्या शहरात आम्ही आलो ते त्यानंतर, आणि इथे आल्यावर आम्ही दोघांनीही त्यावर ब्र काढला नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणी आणि नणंदा घर धुवायला लागल्या. चादरी, पांघरुणं, तिचे फ्रॉक, सगळं साबणाच्या पाण्यात. त्यांची माया ती. मी भिंतीला टेकून बघत होते, आणि थांबा म्हणायला तोंड उघडत नव्हतं. ह्यांनी तेवढ्यात एकच गोष्ट केली. भुंगीच्या उशीचा अभ्रा ओढून काढला आणि सदऱ्याच्या आत लपवला. मग एक पत्र्याचा डबा घेतला, झाकणाच्या आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, हवा आत-बाहेर होऊ नये म्हणून. कडी ठोकली. बाजारात हाताला लागलं ते कुलूप आणून लावलं, आणि किल्ली पुलावरून नदीत टाकून आले.

मला ते किल्ली टाकून आल्यावर कळलं. मी म्हटलं, "मला एकदा तरी वास घेऊ द्यायचा होतात."

"नाही," हे म्हणाले. "तू रोज उघडशील आणि संपवून टाकशील."

हे वाक्य मी त्यांना कधी माफ केलं नाही. खरं होतं म्हणूनच नाही केलं.

कुलपांचं वेड लागलं ते त्या कुलपापायी. ते कितपत पक्कं आहे ते बघायला ह्यांनी तसलंच दुसरं विकत आणलं आणि खोललं. आत दोन पत्र्याच्या पट्ट्या आणि एक स्प्रिंग, बास. केसाच्या पिनेने उघडावं इतकं फुटकळ. हे हादरले. बदलावं तर डब्यावर पुन्हा ठोकाठोकी आली, आणि ठोकताना पट्टी निघाली तर? मग डबा कपाटावर, जुन्या ब्लँकेटच्या मागे गेला, आणि हे मोठमोठी कुलपं घरात आणायला लागले. फौज अडवतील अशी कुलपं भिंतीवर टांगलेली, आणि ज्याची खरी काळजी ते त्या टिनपाट कुलपात.

मीही मनात आणलं असतं तर हातोडीच्या एका घावात काम झालं असतं. कितीदा मनात आणलं. एकदा तर स्टुलावर चढून डब्याला हात लावला आणि उतरले. उघडला आणि आत काहीच नसलं तर काय करणार होते? बंद होता तोवर भुंगी आत होती. त्यांचं वेड मलाही लागलं होतं, फक्त मी ते कबूल करत नव्हते.

यंदाच्या परक्या बैठकीच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर हे स्टुलावर. डबा खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने पुसला.

"हे काय?" मी विचारलं.

"या वर्षी हा ठेवणार आहे."

"कुठे?"

"टेबलावर. सगळ्यांसमोर."

मी खाली बसले. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर वर्षी ती माणसं पोटातलं काढून ठेवतात, आणि मी बसची घंटा वाजवून दाखवतो. लाज वाटते गं आता."

"उघडणार आहात?"

"दाखवणार आहे."

"बंद डबा काय दाखवणार? पत्रा?"

"बघ तर खरी," असं म्हणून हे चक्क हसले. डब्यासमोर हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी दुपारभर भांडी आपटत राहिले. इतकी वर्षं मला वास घेऊ दिला नाही, आणि आता शिंप्यांना आणि स्प्रिंगला दाखवणार! हे काय प्रदर्शन आहे?

संध्याकाळी मंडळी आली. हिरव्या कापडावर वस्तू मांडल्या गेल्या. डॉक्टरांनी बहिऱ्या माणसाने कानाला लावायचा पितळी कर्णा आणला होता. स्प्रिंगने पाडलेल्या इस्पितळाच्या लिफ्टची मजले दाखवणारी तबकडी आणली होती, तिचा काटा शेवटच्या मजल्यावर अडकलेला. शिंप्यांनी एक पिशवी आणली होती. दुरुस्तीला आलेल्या कपड्यांच्या खिशात सापडलेल्या आणि कुणीच परत न मागितलेल्या वस्तू तिच्यात होत्या. शिट्टी, दुधाचा दात, एका चष्म्याची एकच काच. शेवटी ह्यांनी डबा आणून मधोमध ठेवला. कुणी काही विचारायच्या आत खालून हाक आली. जेलर पोचले होते. त्यांचे गुडघे गेलेले, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट बंद. लिफ्टवाला मंडळात असून लिफ्ट बंद, हा विनोद प्रत्येक बैठकीत होतो, तो याही वेळी झाला. "आलोच," म्हणून हे त्यांना हात द्यायला खाली गेले.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर हशा चाललाय एवढं कानावर आलं. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. स्प्रिंगला डब्यावरचं कुलूप दिसलं. "परक्या बैठकीत कुलूप! सेक्रेटरींनीच नियम मोडला!" मग सगळ्यांनी किल्ली शोधली. शेजारी नाही, कापडाखाली नाही. "म्हणजे आमंत्रणच," शिंपी म्हणाले. "वर येईपर्यंत उघडून ठेवू. तोंड बघण्यासारखं होईल त्यांचं." त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. सेक्रेटरींनी आपली गंमत करायला कुलूप मांडलंय, आपणही त्यांची गंमत करू, एवढंच. डॉक्टरांनी खिशातली तेलाची छोटी बाटली काढून सवयीने कुलपात थेंब सोडला, किल्लीविना कुलूप उघडायचा तारेचा आकडा घातला, आणि शेंगा सोलाव्यात तसं बोलता बोलता ते उघडलं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा झाकण वर होतं आणि डॉक्टर अभ्रा बाहेर काढत होते. "उशीचा अभ्रा?" असं म्हणून त्यांनी तो शिंप्यांकडे दिला.

कापड हातात आलं की शिंपी ते झटकतो. त्याला ते कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या शिंप्यांनी अभ्रा दोन कोपऱ्यांत धरला आणि फटकन झटकला, शिवण बघायला.

तो वास माझ्यापर्यंत आला. आधी रबराचा, मग पत्र्याचा, आणि मग भुंगी. ताप उतरताना यायचा तो घाम, केसांच्या मुळाशी असायचा तो गोडूस वास, थोडं दूध. आठवण नव्हे ती, ती स्वतः होती, माझ्या नाकाशी, खांद्यावर डोकं ठेवून झोपल्यावर असायची तेवढी जवळ. माझ्या हातात ट्रे होता. मी एक श्वास घेतला. तो सोडून दुसरा घेतला तेव्हा खोलीत चहाचा वास होता आणि उघड्या खिडकीतून रस्त्यावरच्या धुराचा.

मी ट्रे खाली ठेवला. शिंप्यांच्या हातातून अभ्रा घेतला, त्याची घडी घातली, डब्यात ठेवला आणि झाकण लावून वर हात दाबून उभी राहिले. काय करत होते कुणास ठाऊक.

"काय झालं वहिनी?" स्प्रिंग म्हणाला.

"आमच्या मुलीचा आहे तो."

"मुलगी? तुम्हाला मुलगी आहे?"

"होती," मी म्हटलं. आणि मग तीन-चार वाक्यांत सगळं सांगितलं, ट्यूबची पट्टी, नदीत टाकलेली किल्ली, सगळं. शिंप्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, जणू ते कुणाला दिसू नयेत. डॉक्टर तर पांढरेफटक पडले.

जिन्यात जेलरची काठी वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. ह्यांचा आवाज येत होता, "सावकाश, घाई नाही, आमच्याकडे कुणी पळून जात नाही."

डॉक्टर पुटपुटले, "लावून टाकू? वहिनी, परत लावून टाकू का? त्यांना कळायचं नाही."

मला खरंच वेळ हवा होता विचार करायला. काठी पुढच्या वळणावर आली होती. मी झाकणावरचा हात काढला. डॉक्टरांनी कुलूप कडीत घातलं आणि दाबलं. खट् असा एवढासा आवाज झाला.

हे जेलरना घेऊन आत आले, त्यांना खुर्चीत बसवलं, चहाचे कप स्वतः वाटले. "एवढे गप्प का सगळे? स्प्रिंगसुद्धा बसलाय की!"  हे तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी पहिला."

आणि ह्यांनी सगळं सांगितलं. मी लग्न झाल्यापासून त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. भुंगी कशी गुणगुणायची ते गुणगुणून दाखवलं. अभ्रा कसा लपवला ते सांगितलं. "ह्या डब्यात तिचा वास आहे," हे म्हणाले. "बंद आहे तोवर आहे. मला कुलपांचा छंद नाही हो. मला एवढं एकच कुलूप सांभाळायचं होतं, बाकीची त्याच्या सोबतीला." जेलर हातरुमालात नाक शिंकरायला लागले. त्या खोलीत हे आणि जेलर सोडून प्रत्येकाला माहीत होतं की डब्यातला वास उडून गेलाय, आणि प्रत्येकजण मूग गिळून डब्याकडे बघत होता.

मला वाटलं, संपलं. आता हे बसतील, डबा पुन्हा कपाटावर जाईल, आणि मी मरेपर्यंत तोंड बंद ठेवीन. तेवढं मला जमलं असतं.

पण हे माझ्याकडे वळले. "ही तेव्हापासून मागतेय," ते म्हणाले. "एकदा तरी वास घेऊ द्या म्हणून. मी दिला नाही. संपवशील म्हणालो. आता वाटतं, संपवायला तरी आपण दोघं किती दिवस आहोत? आपल्यानंतर कुणीतरी कुलूप तोडणार आणि जुना कपडा म्हणून फेकणार. तेव्हा आज उघडायचं. हिच्यासाठी." मग डॉक्टरांना म्हणाले, "तुमच्या हातून. माझे हात थरथरतील, म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर ठेवला."

सकाळचं ते हसू आत्ता मला कळलं. मी खुर्चीची पाठ धरली.

डॉक्टरांना आकडा सापडेना. सापडला तर कुलपात जाईना. ज्या बोटांना डोळे आहेत म्हणतात ती बोटं आंधळ्यासारखी चाचपडत होती. हे म्हणाले, "काय डॉक्टर, एवढं फुटकळ कुलूप! दमाने घ्या, घाई नाही." शेवटी एकदाचं ते उघडलं. "मागे व्हा सगळे," हे म्हणाले, "श्वाससुद्धा सोडू नका कुणी. आधी ही."

मी डब्यावर वाकले. ह्यांनी अलगद, बोटभरच झाकण वर केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लहान मुलं बघतात तसे.

रबर. पत्रा. डॉक्टरांचं तेल.

"आला?" ह्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं.

"खरंच?"

"अगदी तसाच." मला रडू फुटलं, आणि ते खरं होतं, त्यामुळे ह्यांना शंका येण्याचं कारणच उरलं नाही. ह्यांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग स्वतः वाकले. झाकण पूर्ण उघडलं, अभ्रा उचलला, आणि त्याच्याकडे बघत थांबले.

"घडी," हे म्हणाले. "मला वाटत होतं मी नुसताच कोंबला होता."

 चौपदरी घडी, कडेला कड जुळवलेली. अशी घडी आमच्या घरात एकच बाई घालते. पण हे पुढे काही बोलले नाहीत. अभ्र्यात तोंड खुपसलं. एक श्वास घेतला, दुसरा घेतला, पुन्हा घेतला, छाती फुटेस्तोवर घेत राहिले. खोलीत बाकी कुणाचाच श्वास चालू नव्हता.

"मला तेलाचा वास येतोय," हे शेवटी म्हणाले.

डॉक्टर उठून उभे राहिले. ते बोलणार होते. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत बसले.

"नाकातच बसलंय माझ्या," हे सावकाश म्हणाले. "रात्रंदिवस कुलपांच्या तेलात हात. दुसरं काही शिरायला जागाच ठेवली नाही मी." आणि मग मला, जवळजवळ आनंदाने, "पण तुला आला ना?"

बैठक तिथेच मोडली. शिंपी आपली पिशवी टेबलावर विसरून गेले. डॉक्टर दारात रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, मी सांगतो त्यांना. मला हे पेलवणार नाही."

"तोंडाला कुलूप लावा," मी म्हटलं. "तेवढं तरी तुम्हाला जमतं ना?" बिचाऱ्याचा दोष नव्हता. पण माझा राग कुणावर तरी निघायला हवा होता.

त्यानंतरच्या महिन्यात ह्यांनी सगळी कुलपं देऊन टाकली. विकली नाहीत, वाटली. जड ते जेलरकडे गेलं, जहाजांची स्प्रिंगकडे. तेलाच्या बाटल्या, चिंध्या, आकडे, सगळं घराबाहेर. भिंतींवर नुसती भोकं राहिली. हे दिवसातून कितीदा तरी साबणाने हात धुतात, नाकात कोमट पाणी ओढतात, आणि सकाळी उठल्या उठल्या डबा उघडून अभ्र्यात नाक घालतात. आता कुलूप नाही, लपवणं नाही. नाक परत येईल अशी त्यांना आशा आहे. दूध करपायला लागलं की ह्यांनाच आधी कळतं, शेजारच्यांच्या घरात काय शिजतंय तेही कळतं, आणि आपलं नाक शाबूत आहे हे कधी ह्यांच्या ध्यानात येईल ह्या भीतीने मी दूध उतू जाऊ देत नाही.

बैठका बंद झाल्या. कुणी येत नाही, आणि हे कुणाला बोलवत नाहीत.

संध्याकाळी मात्र हे माझ्याशेजारी बसतात आणि म्हणतात, "सांग ना."

मी सांगते. तापाचा घाम, केसांतला गोडूस वास, थोडं दूध. पहिल्या दिवसांत सांगताना मला तो यायचा. डोळे मिटले की दारात उभी राहिलेली मी, हातात ट्रे, आणि तो एक श्वास. ह्यांना सांगताना मीही घ्यायची. मग रोज सांगून सांगून त्याचे नुसते शब्द झाले. दूध म्हटलं की दूध आठवायचं, भुंगी नाही. हे ऐकता ऐकता डोळे मिटून नाकाने ओढून बघायचे आणि मान हलवायचे. "नाही. नाही येत."

त्यांचं ते मान हलवणं मला बघवेना. एका संध्याकाळी मी म्हटलं, "आणि मेणाच्या खडूंचा. उशीखाली खडू ठेवून झोपायची ना ती."

भुंगीला खडू आवडत नसत. हात चिकट होतात म्हणून ती ते फेकून द्यायची.

हे थांबले. डोळे मिटले. श्वास आत ओढला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा तिच्यानंतर मी कधी पाहिला नव्हता. "हो," ते म्हणाले. "हो, तेच. आला. आला गं मला."

आता हे रोज खडूंपासूनच सुरू करायला सांगतात, आणि मी सांगते. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी दारात जाऊन उभी राहिले, ट्रेसुद्धा हातात धरला, आणि डोळे मिटून तो एक श्वास आठवायचा प्रयत्न केला. मला खडूंचा वास आला.